बाळगण्यांतील रस : चाकू आणि अडकित्ता

काव्य, नाट्य, चित्र आणि संगीत यांच्या आस्वादाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु मनुष्य जी वस्तु दिवसभर अंगावर वागवितो, जिची मूठ त्याच्या तळव्याला ओळखीची झालेली असते आणि चार समानधर्मी स्नेही भेटले असतां जी तो आपण होऊन बाहेर काढून दाखवितो, त्या वस्तूच्या आस्वादाकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. खिशांतला घडीचा चाकू आणि चंचींतला अडकित्ता हीं अशा वस्तूंचीं उत्तम उदाहरणें होत. चाकूचे शौकीन एकत्र जमले म्हणजे काय चालतें तें पाहावें. एकजण चाकू उघडतो आणि पात्याचा खटका ऐकवितो. दुसरा तो हातांत घेऊन त्याचें वजन अजमावतो, शिंगाच्या मुठीवरून अंगठा फिरवितो, धार नखावर पाहतो, आणि परत देण्यापूर्वीं स्वतःच्या खिशांतला चाकू पुढें करितो. या व्यवहारांत विक्री नसते. स्पर्धा असलीच तर ती लटकी असते. मग त्यांत असतें तें काय? निव्वळ हव्यास, पोरकट हौस, कीं साहित्यशास्त्र ज्याला आस्वाद म्हणतें त्याच्याच कुळांतली एखादी वृत्ति?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. मावळांतल्या उर्से या गांवाचें उदाहरण घ्या. पवनेच्या खोऱ्यांतलें हें भातशेतीचें गांव. २००२ सालीं पूर्णपणें खुल्या झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील टोलनाक्यामुळें त्याचें नांव आज असंख्य प्रवाशांना ठाऊक असतें. गांवाभोंवतीं कारखाने उभे राहिले आहेत. अशा गांवांत आजोबांची चंची, तिच्यांतला पितळी अडकित्ता, कमरेच्या आकडींत अडकविलेली कोयती या वस्तु ज्या पिढीनें रोज वापरल्या ती पिढी आतां उतारवयांत आहे. तिच्यामागें या वस्तूंना दोनच वाटा उघड्या दिसतात : मोडीच्या तराजूंत जाणें किंवा कोणा संग्राहकाच्या काचेच्या कपाटांत जाणें. यांतली कोणती वाट बरी, आणि तिसरी एखादी आहे कीं काय, हें ठरविण्याआधीं त्या वस्तूंतला रस मुळांत कोठें होता हें समजून घेतलें पाहिजे.

प्रथम चाकूचा विचार करूं. चाकूचें आणि लेखनाचें नातें आपण विसरलों आहोंत. इंग्रजींत लहान घडीच्या चाकूला जें नांव आहे त्याचा मूळ अर्थ ‘लेखणीचा चाकू’ असाच आहे. कारण पिसाची लेखणी तासण्यासाठीं तो जवळ असावा लागे. आपल्याकडे बोरूची गोष्ट तीच. बोरूचें टोंक किती तिरपें कापावें यावर अक्षराचें वळण अवलंबून असे, आणि म्हणून लिहिणारा मनुष्य हा चाकू बाळगणारा मनुष्य असे. समर्थ रामदासांनीं ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे, अक्षर कसें असावें याबरोबर लेखनाचें साहित्य कसें जमवावें याचाहि तेथें विचार आहे. साधनाची निगा हा विद्येचाच भाग होय, ही दृष्टि त्यांत स्पष्ट दिसते. पुढें शिसपेन्सिल आली तेव्हांहि चाकू टिकला. टोकयंत्र आलें तेव्हां मात्र तो मुलांच्या दप्तरांतून गेला. टोकयंत्रानें टोंक चांगलें निघतें यांत वाद नाहीं. पण त्यांत चुकण्याला जागा नाहीं, आणि म्हणून हात बसण्यालाहि नाहीं.

युरोपांत चाकू जवळ बाळगण्याची रीत फार जुनी आहे. चौदाव्या शतकांतल्या चॉसर कवीनें ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका कथेंत ट्रंपिंग्टनच्या गिरणीवाल्याचें वर्णन करितांना त्याच्या पायमोजांत शेफील्डचा चाकू खोंवून दिला आहे. नुसत्या गांवाच्या नांवावरून चाकूची जात कळावी, एवढी त्या गांवाची कीर्ति तेव्हांच झालेली होती. त्याच शेफील्डमधल्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीचे चाकू, तारा व माल्टी क्रूस हें चिन्ह मिरवीत, पुढें हिंदुस्थानांतहि आले. याच पेढीनें १८२२ सालीं १८२२ पात्यांचा एक चाकू तयार केला. तो पाहून कोणीहि थक्क होईल. परंतु तो कोणाच्याहि खिशांत मावणार नाहीं, आणि त्यानें साधा पेरू कापतां येणार नाहीं. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटानें शब्दांच्या कसरतीवर उभ्या असलेल्या चित्रकाव्याला काव्यांत सर्वांत खालचें स्थान दिलें आहे. हा चाकूहि त्याच पंक्तींत बसविला पाहिजे. कौशल्य अफाट, परंतु चाकूचा जो प्राण, म्हणजे हाताशीं असणें, तोच त्यांत उरलेला नाहीं. याच्या उलट फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतांतल्या जोसेफ ओपिनेलनें १८९० च्या सुमारास घडविलेला चाकू घ्या. एक पातें, एक लांकडी मूठ, मधें एक खीळ. शेतकऱ्याच्या खिशासाठीं केलेली ही घडण सव्वाशें वर्षांनंतरहि जवळजवळ त्याच रूपांत विकली जाते. थोडक्या शब्दांत पुष्कळ बोलणाऱ्या ओवीचें सामर्थ्य तिच्यांत आहे.

असो. आपल्या मराठी मुलखांत मात्र अंगावर बाळगण्याचें खरें पातें म्हणजे अडकित्ता. घडीचा चाकू हा शाळेंत आणि कचेरींत वावरला. अडकित्ता शेताच्या बांधावर, देवळाच्या ओट्यावर, बैलगाडींत आणि लग्नाच्या मांडवांत वावरला. त्याचें नांवच त्याची वाट सांगतें. कानडींत ‘अडके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्ति’ म्हणजे पातें. या जोडींतून आपला ‘अडकित्ता’ झाला. सुपारी पिकते किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या वाड्यांत. ती घाट चढून मावळांत येते आणि मावळच्या शेतकऱ्याच्या चंचींत कात, चुन्याची डबी, पानें आणि तंबाखू यांच्याशेजारीं जाऊन बसते. चंचीच्या कप्प्यांत बाकीच्या वस्तु सरतात आणि पुन्हां भरतात. अडकित्ता तेवढा कायम राहतो. तो बापाकडून मुलाकडे जातो.

त्याची रचना पाहिली तर ती फार विचारानें केलेली आढळते. दोन दांडे एका टोंकाशीं खिळ्यानें जोडलेले. वरच्याला पातें, खालच्याला बैठक. सुपारी त्या खिळ्याच्या आणि हाताच्या मधें. त्यामुळें थोड्या जोरांत कठीण रोठा सुपारी फुटते. तरफेचा हा नियम लोहाराला पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. परंतु लोहार किंवा तांबट एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें दांड्यांच्या टोंकांना मोर केले, पोपट केले, घोडे केले. स्त्रीपुरुषांची जोडी केली, अशी कीं अडकित्ता मिटला म्हणजे तीं दोघें जवळ यावींत आणि उघडला म्हणजे दूर व्हावींत. बा. सी. मर्ढेकरांनीं ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांत सौंदर्याचें मर्म लयींत पाहिलें आणि तिचे संवाद, विरोध व समतोल असे प्रकार सांगितले. अडकित्त्यांत हे तिन्ही प्रकार डोळ्यांसमोर दिसतात : दोन दांड्यांचा संवाद, पात्याचा आणि बैठकीचा विरोध, आणि खिळ्यावर तोललेला समतोल. मात्र मर्ढेकरांच्या मीमांसेची येथें एक अडचण होते. त्यांना कलेचा अनुभव लौकिक व्यवहारापासून अलग, आपल्यापुरता पूर्ण असा हवा होता. अडकित्त्याची लय तर व्यवहारांतच पुरी होते. ती डोळ्यांनीं अर्धीच कळते; उरलेली अर्धी मनगटाला आणि कानाला कळते. सुपारी फुटतांना होणारा तो ‘कट्’ आवाज हें त्या लयीचें शेवटचें मात्रास्थान होय. तो आवाज ज्यानें ऐकला नाहीं, त्यानें अडकित्ता पाहिला असेल; अनुभवला नाहीं.

आतां या रसाच्या दुसऱ्या अंगाकडे वळूं. कापणारी वस्तु तोडते, असें आपण धरून चालतों. युरोपांत चाकू भेट दिल्यास मैत्री तुटते अशी समजूत आहे, आणि म्हणून घेणारा नांवाचें एखादें नाणें देऊन तो विकत घेतल्याचें दाखवितो. आपल्या समाजानें या बाबतींत उलट कल्पना केली. लग्न ठरलें म्हणजे ‘सुपारी फुटली’ असें आपण म्हणतों. सुपारीचे तुकडे होतात आणि दोन घरें जोडलीं जातात. चंची उघडणारा मनुष्य प्रथम स्वतःपुरतें कातरीत नाहीं. शेजाऱ्याच्या तळहातावर एक खांड ठेवतो आणि मग आपल्या तोंडांत टाकतो. अडकित्ता बाळगणें म्हणजे दुसऱ्याला देण्याच्या तयारींत असणें. खिशांतल्या चाकूचाहि धर्म हाच आहे. पोत्याची सुतळी कापावयाची असो कीं मुलाची पेन्सिल तासावयाची असो, ‘कोणाजवळ चाकू आहे काय?’ या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर असतें, त्याला त्या क्षणीं होणारा आनंद मालकीचा नसतो. उपयोगीं पडल्याचा असतो. चाकूंचे शौकीन एकमेकांचे चाकू हाताळतात तेव्हां ते याच आनंदाची जणू तालीम करीत असतात.

येथें कोणी म्हणेल कीं, चाकू हें अखेर हत्यार आहे, आणि त्याचें कौतुक करणें धोक्याचें आहे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. उत्तर प्रदेशांतल्या रामपूरचा खटक्याचा चाकू एका काळीं उत्तम कारागिरीसाठीं ओळखला जाई. हिंदी बोलपटांनीं त्याला गुंडाच्या हातांत दिलें आणि ‘रामपुरी’ हा शब्दच दहशतीचा झाला. २०२३ सालीं त्या शहरांत एका चौकांत वीस फुटांचा चाकू उभारण्यांत आला. वस्तु व्यवहारांतून उठली कीं तिचा पुतळा होतो, याचें हें ठळक उदाहरण आहे. जपानांत ‘हिगोनोकामि’ नांवाचा साधा घडीचा चाकू पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या खिशांत पेन्सिलीसाठीं असे. १९६० सालीं एका राजकीय पुढाऱ्याचा तरुणाच्या हातून शस्त्रानें खून झाला, आणि त्यानंतर मुलांच्या हातांत चाकू नकोच अशी चळवळ उठली; ती परंपरा तेथेंच क्षीण झाली. आपला १९५९ चा शस्त्रांविषयींचा कायदा व त्याखालचे नियम यांत विवेक आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचें हत्यार ते शस्त्रांत धरतात, आणि घरकामासाठीं वा शेतीसाठीं केलेलीं पातीं वगळतात. म्हणजे पात्याचा हेतु कोणता, हा प्रश्न कायद्यालाहि विचारावा लागतो. रसिकानें तर तो आधीं विचारला पाहिजे. जो चाकू दाखवितांना समोरचा मनुष्य एक पाऊल मागें सरतो, त्या चाकूचा आनंद वांटून घेतां येत नाहीं. आणि जो वांटून घेतां येत नाहीं तो या लेखाचा विषय नव्हे.

आतां संग्रहाचा प्रश्न. पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय या बाबतींत आपलें वैभव आहे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं पत्नी कमलाबाईंच्या साथीनें आयुष्यभर हिंडून सुमारे वीस हजार वस्तु जमविल्या, लहानपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्या संग्रहाला दिलें आणि तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, दौती, वाद्यें, भांडीं आणि नानाविध अडकित्ते तेथें आहेत. राजांच्या तलवारींना संग्रहालयें पुष्कळ मिळालीं. घरांतल्या दिव्याला आणि अडकित्त्याला मान देणारा संग्राहक विरळा. केळकर कवि होते हा योगायोग मानण्याचें कारण नाहीं. कवीचें काम रोजच्या शब्दाला पुन्हां नवा करण्याचें असतें. तें त्यांनीं रोजच्या वस्तूंच्या बाबतींत केलें. या वस्तूंचें आकर्षण परक्यांनाहि पडलें. मूळचा पोलंडचा आणि पुढें अमेरिकेंत नांवाजलेला गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग यानें आशिया खंडांतले अडकित्ते इतक्या आस्थेनें जमविले कीं, त्याच्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

तरीहि संग्रहाविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें विचारांत घेतलीं पाहिजेत. वॉल्टर बेंजामिन या जर्मन टीकाकाराच्या मतें संग्राहक हा वस्तूंना उपयोगाच्या वेठींतून सोडवितो. त्याच्या घरीं त्या केवळ स्वतःसाठीं असतात. आनंद कुमारस्वामींनीं १९४३ मध्यें ‘कलाकृतींचें प्रदर्शन कशासाठीं?’ हाच प्रश्न आपल्या ग्रंथाच्या मथळ्याला घेतला आणि दाखवून दिलें कीं, जगांतल्या संग्रहालयांत असलेल्या बहुतेक वस्तु मुळांत प्रदर्शनासाठीं केलेल्याच नव्हत्या. त्यांचा उपयोग समजल्याशिवाय त्यांचें सौंदर्य समजत नाहीं. दोघेहि थोर, पण अडकित्त्याच्या बाबतींत कौल कुमारस्वामींकडे द्यावा लागतो. अडकित्त्याला उपयोग ही वेठ नव्हती. काचेमागें तो मिटलेला असतो, मुका असतो, आणि त्याच्यावरचीं स्त्रीपुरुषें कायमचीं एकाच अंतरावर थांबलेलीं असतात. मोडींत जाण्यापेक्षां हें लाखपटीनें बरें; परंतु जतन म्हणजे जीवन नव्हे, एवढें ध्यानांत ठेवून संग्रहालयाचे आभार मानावेत.

यापुढें ज्या गोष्टी सांगावयाच्या त्या जुन्याच्या प्रेमिकांना रुचणार नाहींत. पण टीकेनें त्या टाळूं नयेत. पहिली गोष्ट सुपारीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुपारीची गणना मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तेव्हां अडकित्त्याचें पुनरुज्जीवन म्हणजे सुपारीचें पुनरुज्जीवन असें समजणें हा अविचार होईल. मात्र एक फरक नोंदविला पाहिजे. अडकित्ता आरोग्याच्या उपदेशानें गेला नाहीं. कातरलेल्या सुपारीच्या आणि गुटख्याच्या पुडीनें त्याला घालविलें. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तोंवर जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. पुडीनें रोग ठेवला, एवढेंच नव्हे तर तो वाढविला. आणि कापण्याचा विसावा, वाटण्याची रीत व समोरासमोर बसण्याचें निमित्त हीं काढून घेतलीं. पुडी प्रत्येकाची वेगळी असते. ती फाडून तोंडांत रिकामी करितांना शेजारीं कोण आहे हें पाहावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट या वाटण्याच्या सीमेची. चंची सर्वांपुढें सारखी फिरत होती असें चित्र रंगविणें खोटें होईल. कोणीं कोणाच्या हातचें पान घ्यावें यावर जातीचें बंधन होतें, आणि विधवेला तर तांबूलच वर्ज्य होता. अडकित्त्याच्या दोन दांड्यांत साधलेला समतोल त्या पंक्तींत नव्हता. तिसरी गोष्ट कारागिराची. शेफील्डच्या पात्यावर पेढीचें नांव असे. पण धार लावणारे कामगार सहाणेच्या दगडाची धूळ छातींत जाऊन ऐन उमेदींत मरत, त्यांचीं नांवें पात्यावर कोरलेलीं नसत. आपल्या अडकित्त्यावर तर कोणाचेंच नांव नसतें. आपण घडणीची वाहवा करितों आणि घडविणाऱ्या लोहाराला बलुत्याच्या हिशेबांत सोडून देतों, ही रसिकता अपुरी आहे.

एवढें मान्य केल्यावर या रसाचें कांहीं शिल्लक राहतें काय? माझ्या मतें जें शिल्लक राहतें तें मूळ रसापेक्षां शुद्ध आहे. मुळांत त्याला तीन अंगें होतीं : हाताची ओळख, उपयोगाची तयारी आणि दुसऱ्याचा सहभाग. सुपारी हें निमित्त होतें, आणि जातीची सीमा हा त्या रसांतला दोष होता. निमित्त बदलतां येतें आणि दोष काढतां येतो. लेखणी बदलली म्हणून कविता संपली नाहीं. जो आज खिशांत साधा घडीचा चाकू बाळगतो, त्याची धार राखतो, तो फळाला, दोरीला आणि पेन्सिलीला उपयोगी आणतो, कोणीहि मागितला तरी मूठ पुढें करून देतो, आणि कोणी घडविला हें विचारल्यास सांगूं शकतो, तो त्या चंचीच्या परंपरेंतलाच आहे, आणि एका बाबतींत तिच्या पुढें गेलेला आहे. ज्याच्याजवळ पन्नास चाकू कुलुपांत आहेत आणि एकहि खिशांत नाहीं, त्याला संग्राहक म्हणावें. रसिक म्हणण्यापूर्वीं थांबावें.

म्हणून उर्से किंवा तसल्याच कोणत्याहि गांवानें नवें संग्रहालय बांधण्याची घाई करूं नये. शाळेंत वर्षांतून एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं ज्याच्या घरीं जें पातें असेल तें, मग तो अडकित्ता असो, विळी असो, कोयती असो कीं बोरू तासण्याचा चाकू असो, घरच्या वडीलधाऱ्यानें स्वतः घेऊन यावें. त्याच्या प्रत्येक भागाचें नांव मुलांना सांगावें, तें कोणत्या लोहाराकडून घेतलें हें आठवत असेल तर वहींत लिहून ठेवावें, आणि मग काम करून दाखवावें. मुलांनीं एकेक पेन्सिल हातानें तासावी, एकेक पेरू कापावा आणि कापलेली पहिली फोड शेजाऱ्याला द्यावी, मग तो शेजारी कोणीहि असो. ‘अडकित्त्यांत सापडणें’ हा वाक्प्रचार भाषेंत राहील. पण ज्यानें अडकित्ता हातांत धरलेला नाहीं त्याला तो नुसता पाठ असेल, कळलेला नसेल. शब्द टिकवावयाचे असतील तर त्यांच्यामागच्या वस्तु अधूनमधून हातीं घ्याव्या लागतात, आणि त्या एकट्यानें हातीं घेऊन भागत नाहीं.